चौथी फेरी

सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं, दुसऱ्या धुण्यात अजून थोडं. त्यानंतर ते आहे तेवढंच राहतं.

*

"फोनवर आवाज मरतो," बाबा म्हणायचे आणि वाजणारा फोन जवळ बसलेल्याकडे सरकवायचे.

*

शाळेच्या प्रयोगशाळेत एकशे चौदा परीक्षानळ्या आहेत. थोरली सून तिथे शिकवते, दर सोमवारी त्या मोजते. एकशे तेरा भरल्या तर एकशे तेरा लिहिते. मुख्याध्यापकांना हे आवडत नाही.

*

नव्या स्पीकरच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. वीस मिनिटं काही वाजलं नाही की तो तांबडा होतो आणि स्पीकर झोपी जातो. जोराचा आवाज आला की जागा होतो. हलका आला तर होईलच असं नाही.

*

मागच्या घरातल्या बाईंनी हाका ऐकल्या होत्या. चाळीस मिनिटं, त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, रेडिओवर नाटक चाललंय.

*

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला धाकटा दोन वर्षांनी घरात आला. दोन्ही काखांत एकेक खोका होता, त्यामुळे कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं की नाही हा प्रश्न आपोआप सुटला.

दार मधलीने उघडलं. मधली म्हणजे त्याची बहीण, हॉस्पिटलात नर्स. हल्ली घरातले सगळे निर्णय तीच घेई आणि सगळ्यांनी मिळून घेतले असं सांगे. थोरला भाऊ दिवाणखान्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याच्यामागे त्याची बायको, थोरली.

"दादा, जरा सरकतोस?"

"ये ये. दोन्ही हात अडकलेत ते बरं झालं. आज कुठलं बटण फिरवायची भीती नाही."

"दादा," मधली म्हणाली, "काल काय ठरलं आपलं?"

"मी कुठे काय बोललो? सरकलो की."

धाकट्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन वर्षांत त्याला ते चांगलं जमायला लागलं होतं. एका छोट्या कारखान्यात तो स्पीकर बांधायचा, आणि हे दोन त्याने स्वतःच्या हातांनी, जेवायच्या सुट्टीत बसून, बाबांसाठी बांधले होते.

बाबा खुर्चीत होते. समोर भिंतीला टेकून कमरेइतक्या उंचीचे दोन जुने स्पीकर, आणि डावीकडच्या टेबलावर त्यांनी तरुणपणी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. आठ काचेचे व्हॉल्व्ह, दोन हातांनीही उचलायला जड जाणारा ट्रान्सफॉर्मर, आणि पुढच्या पत्र्यावर व्हॉल्यूमचं एक भलंमोठं काळं बटण. बटणाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. त्या ठिपक्यावरच ऐकायचं, असा घरातला नियम.

"यात अ‍ॅम्प्लिफायर कुठाय?" बाबांनी खोक्याकडे बोट दाखवत विचारलं.

"आतच आहे," धाकटा वाकून तारा सोडवत म्हणाला.

"समोर येऊन बोल रे. तोंडातल्या तोंडात पुटपुटायची खोड गेली नाही तुझी."

धाकटा समोर आला. "आत आहे, बाबा. ज्याचा त्याला. वूफरला एक, ट्वीटरला एक. दोन खोक्यांत मिळून चार. गाणं आधी खालच्या आणि वरच्या सुरांत वाटलं जातं, मग प्रत्येकाला त्याच्यापुरती ताकद मिळते."

"आणि माझा?"

"तुमचा मग लागत नाही."

"म्हणजे प्रत्येकाची वेगळी चूल."

"भांडणं कमी होतात," मधली म्हणाली.

"आणि सगळं बेचव होतं," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. थोरलाही हसला. धाकट्यालाही हसू आवरावं लागलं. क्षणभर ते घर आधीसारखं दिसलं.

थोरली हसली नाही. ती पडद्याच्या कड्या मोजत होती.

*

पडद्याची गोष्ट अशी.

या घरात आवाजावरून वाद झाला की तो बोलून मिटवत नसत. कुठली तार बरी, कुठला व्हॉल्व्ह गोड, असं काहीही असलं तरी दिवाणखान्यात आडवी दोरी बांधायची, तिच्यावर चादरीचा पडदा टांगायचा आणि सगळी यंत्रं पडद्यामागे ठेवायची. ज्याची परीक्षा तो एकटा खुर्चीत. बाकीच्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायचं, कारण चेहरे चहाड्या करतात. फेऱ्या सात. आता जुनं वाजतंय की नवं, हे ऐकणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. पाच बरोबर आल्या तर त्याचं म्हणणं खरं.

आणि पडद्यामागे बटणं दाबायला असा माणूस हवा, ज्याला यातलं काही कळत नाही.

लग्न होऊन थोरली घरात आली त्या आठवड्यात बाबांनी तिला दोन सूर म्हणून दाखवले आणि विचारलं, यातला वरचा कुठला? ती घाबरून म्हणाली, दुसरा. सगळं घर पोट धरून हसलं. बाबांनी एकच सूर दोनदा म्हटला होता. त्या दिवसापासून ती त्यांची बिनकानी झाली, आणि पडद्यामागची जागा तिची. अठरा वर्षं. "आमची बिनकानी फसवू शकत नाही," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "फसवायला आधी कळावं लागतं." तिला त्याचा राग येत नसे. कुठल्याही घरात आपली म्हणून एक जागा असणं काही वाईट नाही, मग ती पडद्यामागे का असेना.

पूर्वी फेरी सुरू झाली की ती "सुरू" म्हणायची. सहा वर्षांपूर्वी बाबांनी ते बंद करायला लावलं. तुझ्या बोलण्यावरूनच कळतं, म्हणाले. तेव्हापासून पुठ्ठ्यावर आकडा लिहून तो पडद्याच्या वर धरायचा. गेल्या सहा वर्षांत बाबांची एकही फेरी चुकली नव्हती. त्यांच्या कानांची ख्याती नातेवाइकांत त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षाही मोठी होती.

आजचा पडदा मधलीमुळे लागला होता. गेल्या महिन्यात त्या अ‍ॅम्प्लिफायरवर बाबांनी ठेवलेलं वर्तमानपत्र करपून काळं झालं होतं. त्याआधी आठवडाभर ट्रान्सफॉर्मर असा गुरगुरत होता की वरच्या मजल्यावरचे विचारायला आले, आणि बाबा त्याच्याशेजारी बसून शांतपणे कोडं सोडवत होते. मधली म्हणाली, हे एक दिवस घर पेटवेल, त्यापेक्षा धाकट्याने बांधलेले स्पीकर लावू. बाबा म्हणाले, लावा पडदा. मला फरक ओळखता आला नाही तर जुनं बंद करा.

"आणि आला तर?" मधलीने विचारलं होतं.

"तर त्याने आपले खोके उचलायचे. आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही."

मधलीने हे फोनवर धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाहीतरी कुठे चढतोय."

तरी तो आला होता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. तो जुन्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे उभा होता, हात पाठीमागे बांधून. त्या काळ्या बटणाकडे पाहत होता.

*

ते बटण.

दोन वर्षांपूर्वी, दुपारी, बाबा धाकट्याला म्हणाले, जाता जाता सीडी लावून दे. त्याने लावली आणि कारखान्यात गेला. घरात बाबा आणि आई दोघंच. आई मागच्या बाथरूममध्ये घसरून पडली. मधला बोळ धरूनही बाथरूम आणि बाबांची खुर्ची यांत वीस पावलं. चाळीस मिनिटांनी थोरली शाळेतून आली. गाणं चालू होतं, नळ चालू होता, आई फरशीवर होती. तिसऱ्या दिवशी आई गेली, शुद्धीवर न येता.

"आवाज फार होता," बाबा हॉस्पिटलात म्हणाले. "त्याने वाढवून ठेवला होता. मला कसं ऐकू येणार?"

थोरल्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "तू पोचलीस तेव्हा किती होता आवाज?"

"मोठा होता," ती म्हणाली.

दोन शब्द. थोरल्याने भावाशी त्यानंतर धड बोलणं केलं नाही.

*

धाकट्याला दोन्ही यंत्रांना मिळून एकच बटण करायचं होतं. बाबांनी ते हाणून पाडलं. "मध्ये आणखी डबा घातलास की आवाज मेला. सीडी प्लेअरमधून दोन तारा काढ. जुन्याचं बटण जुन्यावर, नव्याचं नव्यावर." त्यामुळे थोरलीला डावीकडून उजवीकडे तीन पावलं चालावं लागणार होतं. दरवेळी असंच असे. धाकट्याने मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून दिला, तिला हिरवा दिवा दाखवला.

"वहिनी, हा हिरवा आहे ना, एवढं बघ. बाकी काही करायचं नाही."

"बरं."

"कशी आहेस?" त्याने हळूच विचारलं.

"बरी," ती म्हणाली आणि पेन्सिल शोधायला लागली. पेन्सिल तिच्या हातातच होती.

सगळे स्वयंपाकघरात गेले. दार लागलं.

पहिली फेरी. नाणं उडवलं, छाप, नवं. उजवीकडे गेली, पुठ्ठा वर धरला. बासरी. एकटी बासरी, मागे काही नाही. ही सीडी बाबांनीच निवडली होती.

"नवं," बाबा म्हणाले.

दुसरी. काटा, जुनं. "जुनं."

तिसरी. पुन्हा काटा. "जुनंच आहे. मला फसवायला दोनदा लावलंस काय गं?"

पडद्यामागे तिला हसू आलं. मग तिने बोटांवर मोजलं. तीन झाल्या. आणखी दोन बरोबर आल्या की धाकटा या घरातून कायमचा जाणार, आणि निकाल लिहिलेला कागद तिनेच वाचून दाखवायचा.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं.

"मी याच्याबरोबर एका खोलीत बसू शकत नाही," थोरला म्हणाला.

"मी काय केलं? चहात साखर आहे का विचारलं."

"आईच्या कपात."

"मला काय माहीत आता तो कुणाचा आहे ते! मी या घरात राहतो का?"

"कुणामुळे नाही राहत?"

"दोघंही बसा," मधली वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. "बसा म्हणते ना. तुम्हाला लाज वाटत नाही? पन्नाशीला आलात."

"मी बेचाळीस," धाकटा म्हणाला.

"बोलतो बघ! वर तोंड करून विनोद," थोरला म्हणाला.

भांडण तिथून आईच्या कपावर, कपावरून औषधांवर, औषधांवरून हॉस्पिटलात पहिल्या रात्री कोण थांबलं होतं यावर गेलं. बाबा खुर्चीत होते तसे बसून होते, खिडकीबाहेर बघत. थोरला तावातावाने म्हणाला, "बघा, बाबांना एवढा मनस्ताप झालाय की ते वळूनसुद्धा बघत नाहीत." अर्धा तास गेला. शेवटी मधलीने दोघांना दंडाला धरून आत नेलं आणि दार लावलं.

थोरलीने नाणं उडवलं. छाप. उजवीकडे गेली, बटण दाबलं, चाराचा पुठ्ठा वर धरला.

काहीच वाजलं नाही.

सीडी प्लेअरवर सेकंद पुढे सरकत होते. तिने बटण पुन्हा दाबून पाहिलं. मग तिला दिवा दिसला. तांबडा. स्पीकर झोपले होते, आणि बासरी इतकी हलकी सुरू होत होती की तिने ते जागे होत नव्हते. आता काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. थांबा म्हणायला तिने पडद्याची कड बाजूला केली.

बाबा ताल धरून होते. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर, संथ, अगदी बासरीच्या लयीत. मान किंचित डोलत होती. डोळे मिटलेले नव्हते. ते खाली बघत होते.

"नवं," ते म्हणाले. "वरचा सूर कोरडा आहे. लाकडाचा वास नाही त्याला."

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

ते कुठे बघताहेत म्हणून तिने खाली पाहिलं. धुऊन आखडलेल्या सुती पडद्याखाली वीतभर मोकळी जागा होती. त्या जागेत तिची स्वतःची पावलं होती, उजवीकडे, नव्या स्पीकरच्या बाजूला.

तिने कागदावर चार लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं, काही वाजलं नाही. मग ती बराच वेळ त्या शब्दांकडे बघत उभी राहिली. एकदा आलेली नोंद चूक असू शकते. ती मुलांना हेच शिकवायची. पुन्हा करून बघा.

पाचवी फेरी तिने नाणं न उडवता केली. डावीकडे चालत गेली. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे उभी राहिली. हात पाठीमागे बांधले. पाचाचा पुठ्ठा तेवढा वर धरला आणि पुन्हा हात मागे घेतला. मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं.

"हां," बाबा म्हणाले. "हे आपलं जुनं. बघ कशी ऊब परत आली."

ऊब हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी, त्याच पाण्याबरोबर, बाकीचं सगळं वर आलं. फोनवर मरणारा आवाज. समोर येऊन बोल. आकड्याचे पुठ्ठे. गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर. सहा वर्षं. आणि आईला जाऊन दोनच वर्षं झाली होती.

त्या दुपारी तिने ते काळं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. पांढरा ठिपका जिथे असायचा तिथेच होता.

सहावी आणि सातवी तिने नीट वाजवल्या, सीडी जोराच्या जागेवर नेऊन आधी दिवा हिरवा करून. दोन्ही त्यांनी बरोबर ओळखल्या.

*

"किती?" थोरल्याने बाहेर येत विचारलं. "वाच गं."

"पहिली नवं, बरोबर. दुसरी जुनं, बरोबर. तिसरी जुनं, बरोबर."

"मी काय म्हणत होतो?" थोरला बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "कान आहेत ते. भंगारातले मायक्रोफोन नाहीत."

"चौथी," मधली म्हणाली.

थोरली थांबली. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. खरं वाचलं तर काय होईल ते होईल. फेऱ्या चुकल्या म्हणून खोटं वाचलं, तर बाबा हरतील, स्पीकर राहतील, धाकटा येत जाईल, आणि बाबांना सगळं कळूनही बोलता येणार नाही, कारण मी तुझी पावलं पाहिली असं ते कुठल्या तोंडाने सांगणार? पण मग धाकटा येत जाईल तो आईला मारणारा म्हणूनच. आणि सगळ्या बरोबर म्हटलं तर तो आत्ता, या दारातून.

"वहिनी," धाकटा सावकाश म्हणाला, "चौथ्या फेरीत मला आतून काही ऐकू आलं नाही. पाचवीतही. स्पीकर झोपले होते का?"

"तू तर बोलूच नकोस," थोरला म्हणाला. "आत ओट्यापाशी उभा राहून याला बासरी ऐकू येणार!"

"पहिली आली होती. दुसरी, तिसरी, सगळ्या आल्या."

"चौथीत आवाज नव्हता," थोरली म्हणाली. "पाचवीतही नव्हता. चौथीत चुकून. पाचवीत मी लावलाच नाही."

बाबा आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. सगळ्यांनी एकदम बोलणं थांबवल्यावर ते तिच्याकडे वळले आणि हसले.

"काय गं, झालं काय? बरोबर ना?"

मधली थोरल्याला हलकेच सारून खुर्चीच्या मागे गेली. बाबांच्या डोक्यामागे वीतभरावर उभी राहून तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, आईने हाका मारल्या तेव्हा तुम्हाला ऐकूच आलं नाही ना?"

बाबा अजून थोरलीकडे बघत होते. हसत होते. आपल्या चौथ्या फेरीची वाट बघत होते.

"बाबा," मधली जरा मोठ्याने म्हणाली. मग ओरडून. मग तिने हात तोंडावर दाबून धरला.

"पुरे," थोरला म्हणाला. "पुरे म्हटलं ना! म्हातारपणी ऐकू कमी येतं. सगळ्यांना येतं. त्यात काय? त्या दिवशी आवाज मोठा होता. हिने स्वतः सांगितलं. सांग गं."

"ठिपक्यावर होता," थोरली म्हणाली.

"काय?"

"बटण ठिपक्यावर होतं. मीच बंद केलं. तू विचारलंस तेव्हा माझ्या कानात नळ घोंघावत होता. मला सगळंच मोठं वाटत होतं. मी मोठा होता म्हटलं."

"आणि दोन वर्षं?"

तुला हवं तेच मी सांगितलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पुरेसं खरंही नव्हतं. नंतर कुणी विचारलं नाही, एवढंच खरं होतं, आणि तिला ते बरं वाटलं होतं.

"दोन वर्षं मी त्याच्याशी..." थोरल्याने वाक्य पुरं केलं नाही. तो बायकोकडे असा बघत होता की जणू ती आत्ताच घरात आली आहे. मग त्याने दोन्ही हात बापाच्या खांद्यांवर ठेवले आणि तिथेच ठेवले. कुणी खुर्ची ओढून नेईल असं वाटल्यासारखे.

धाकटा जमिनीवर बसला होता. "मला आठवत होतं ठिपक्यावर," तो म्हणाला. "पहिले सहा महिने. मग तुम्ही सगळे इतक्या खात्रीने बोलत होता की मला बटण वर फिरवल्याचंच आठवायला लागलं. बोटांना आठवायला लागलं. कारखान्यात कुठलंही बटण हातात घेतलं की..." त्याने हात झटकला. "बाबांनी तेव्हाच सांगितलं असतं, ऐकू येत नाही, तर काय झालं असतं? मी रागावलो असतो का त्यांच्यावर?"

थोरलीने कागद बाबांच्या हातात दिला. तो एकच मार्ग उरला होता. त्यांनी चष्मा लावला आणि वरून खाली वाचलं. चौथ्या ओळीपाशी आले. पाचवीपाशी आले. चष्मा काढला. मग त्यांनी आधी पडद्याखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि नंतर तिच्या पावलांकडे.

कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून मधली म्हणाली, "बाबा." पण ती मागे होती.

"आवाज मोठा होता म्हणणं सोपं होतं," बाबा कागदाशी बोलल्यासारखे म्हणाले. "एकदा म्हटलं. मग तेच खरं होत गेलं. मी समोरच बसलो होतो. मला वाटलं, ती झोपली असेल दुपारची." ते थांबले. "मला ते गाणं पाठ आहे. संबंध. मला ते ऐकू येतं. तुम्हाला कसं सांगू?"

धाकटा उठून त्यांच्यासमोर गेला, गुडघ्यांवर बसला, चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला. ओठ नीट उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तुम्ही सगळ्या ओळखल्यात, बाबा. ज्या वाजल्या त्या सगळ्या."

बाबांनी त्याच्या ओठांवरून ते वाचलं.

"मग ठरल्याप्रमाणे," धाकटा म्हणाला.

"वेडा आहेस का तू?" मधली ओरडली. "आता कसलं ठरल्याप्रमाणे? आता तर सगळं उलटं झालं! दादा, सांग ना त्याला!"

थोरल्याने तोंड उघडलं. दोन वर्षांत भावाशी साधं कसं बोलायचं ते तो विसरला होता, आणि शिव्या आता चालणार नव्हत्या. त्याने बापाच्या खांद्यांवरचे हात काढले, पुढे झाला, धाकटा तारा गुंडाळत होता तिथे गेला आणि एक खोका उचलायला वाकला.

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "जड नाहीत हे. तुमच्या त्या पेटाऱ्यासारखे नाहीत."

"मी दारापर्यंत..."

"राहू दे."

तो टोचून बोलला नाही. टोचून बोलला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं. जिन्यावर त्याची पावलं ऐकू येत होती, एकेक पायरी, मजला संपेपर्यंत. घरात आता चौघं होते, ती पावलं ऐकू आली ती तिघांना. मधली दार धरून उभी होती. थोरला रिकाम्या जागेपाशी वाकलेलाच होता, जिथे खोका होता तिथे. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढचे बरेच दिवस जेवायला वाढतानाही नाही.

बाबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

*

सात वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, आई बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. घरी दोघांनी सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर काढायला जातोय.